पंचतारांकित हॉटेलातली सेवा खरंच वेगळी कशामुळे ठरते?

परभणी जिल्ह्यात एकही पंचतारांकित हॉटेल नाही. जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या माणसाला तसलं हॉटेल आतून बघायचं असेल तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, नाहीतर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने थेट मुंबई. कुणाचं लग्न, कंपनीची बैठक किंवा मुलाची नोकरी अशा निमित्ताने तिथे जाऊन आलेला माणूस गावी येऊन काय सांगतो? झुंबर केवढं होतं, फरशी किती गुळगुळीत होती आणि चहाचा एक कप केवढ्याला पडला!

हॉटेल व्यवसायातली माणसं मात्र या गोष्टींना फारसं महत्त्व देत नाहीत. पैसे असले की झुंबर कुणालाही विकत घेता येतं आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला त्याहून मोठं लावता येतं. पाहुणा पुन्हा येतो तो तिथल्या सेवेमुळे, आणि ही सेवा विकत आणून बसवता येत नाही.

यात एक मजेशीर गोष्ट आहे. सेवेसाठी जगभर अभ्यासल्या गेलेल्या भारतीय हॉटेल कंपनीने आपली माणसं शोधताना महानगरांपेक्षा लहान शहरं आणि गावं पसंत केली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं हसत म्हणणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हे ऐकून जरा गंमत वाटेल. असं का केलं, याचं उत्तर शोधलं की उत्तम सेवा कशाने बनते तेही कळतं.

तारे नेमकं काय मोजतात?

आधी एक गैरसमज दूर करू. भारतात हॉटेलला तारे देण्याचं काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वर्गीकरण समिती करते. एक तारा ते पाच तारे आणि त्यावर 'पंचतारांकित डिलक्स' अशी ही उतरंड आहे. जुन्या वाड्यांतल्या आणि राजवाड्यांतल्या हॉटेलांसाठी 'हेरिटेज' हा वेगळा वर्ग आहे. समिती हॉटेलची पाहणी करते आणि मिळालेला दर्जा ५ वर्षं टिकतो. मग पुन्हा पाहणी.

या पाहणीत लांबलचक यादी असते. खोलीचं आणि न्हाणीघराचं क्षेत्रफळ, लिफ्ट, वातानुकूलन, आगीपासून सुरक्षा, सांडपाण्याची सोय, दिव्यांगांसाठी व्यवस्था, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वगैरे. म्हणजे तारे मुख्यतः असं सांगतात की या हॉटेलात चांगली सेवा देण्यासाठी लागणारी साधनं आहेत. ती साधनं वापरणारा माणूस आज सकाळी सहा वाजता पाहुण्याशी कसा बोलला, हे कुठलाच तारा सांगू शकत नाही. म्हणूनच एकाच शहरातल्या, सारख्याच ताऱ्यांच्या दोन हॉटेलांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं.

पाहुणचार आणि सेवा यांत एक बारीक फरक

मराठवाड्यातल्या माणसाला पाहुणचार शिकवायची गरज नाही. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्यामुळे मराठी पाहुणचार आणि दख्खनी मेहमाननवाजी दोन्ही इथे एकाच घरात सापडतात. दारात आलेल्याला पाणी, मग चहा, मग 'जेवूनच जा'. पंगतीत आग्रह करून वाढणं तर आलंच. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी त्या हातावरून पोळी ताटात पडते.

इथेच तो फरक आहे. घरच्या आग्रहात पाहुण्याच्या समाधानाइतकंच यजमानाचं समाधानही महत्त्वाचं असतं. 'आम्ही काही कमी पडू दिलं नाही' हे यजमानाला स्वतःला आणि चार लोकांना दाखवायचं असतं. नात्यात ते गोडच वाटतं. पण रात्रीच्या विमानाने थकून आलेल्या, उद्या सकाळी महत्त्वाचं काम असलेल्या माणसाला आग्रह नको असतो. त्याला लवकर किल्ली हवी असते आणि शांतता हवी असते. त्याच्या सामानाला हात लावू का, हे आधी त्याला विचारावं. खोलीत सोडायला आलेल्या कर्मचाऱ्याने दिव्यांची बटणं समजावत दहा मिनिटं उभं राहणं ही सेवा नव्हे, तो आग्रहच झाला.

उत्तम हॉटेलातला अनुभवी माणूस समोरच्याकडे बघून ठरवतो. हा पाहुणा गप्पा मारायच्या मनःस्थितीत आहे की एकटा राहू इच्छितो? बरोबर म्हातारी आई आहे, तर टेबल पायऱ्यांपासून लांब द्यावं का? मूल झोपलेलं आहे, तर बिलाची सही खोलीतच घ्यावी का? जपानमध्ये पाहुण्याने मागण्याआधी त्याची गरज ओळखण्याला 'ओमोतेनाशी' म्हणतात आणि त्याचा फार गाजावाजा होतो. पण आपल्याकडे जुन्या घरांतल्या बायका हे न बोलता करत आल्या आहेत. त्याला आपण नाव दिलं नाही, एवढंच.

हॉटेलला हे मोठ्या प्रमाणावर करायचं तर निव्वळ चांगल्या स्वभावावर भागत नाही. त्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात. नेहमी येणाऱ्या पाहुण्याला उशी कशी लागते, चहात साखर किती, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, मागच्या वेळी कशाची तक्रार होती, हे सगळं लिहून ठेवलं जातं. पाहुणा यायच्या आधी ते संबंधित माणसांपर्यंत पोचतं. हाउसकीपिंगचा कर्मचारी रात्रीसाठी अंथरूण नीट करायला येतो, याला हॉटेलच्या भाषेत 'टर्नडाउन' म्हणतात. त्या वेळी पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवलेला चष्मा आणि पुस्तक त्याला दिसतं. दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली आपोआप उजव्या बाजूला येते. पाहुण्याला कळतही नाही की कुणीतरी हे पाहिलं होतं. परभणी स्टेशनजवळचा चहावाला रोजच्या गिऱ्हाइकाला न विचारता कमी साखरेचा चहा देतो, तेव्हा तोही हेच करत असतो. त्याचं लॉगबुक डोक्यात असतं आणि गिऱ्हाइकं शंभर असतात. हॉटेलात शेकडो खोल्या, तीन पाळ्या आणि रोज बदलणारी माणसं असतात, म्हणून पाळी सुरू होण्याआधीच्या ब्रीफिंगला तिथे एवढं महत्त्व.

दिवसातले ४०-४५ क्षण

पाहुणा एका दिवसात हॉटेलातल्या माणसांच्या किती वेळा संपर्कात येतो? दरवान, सामान उचलणारा, फ्रंट ऑफिस, लिफ्टजवळ भेटलेला, नाश्त्याला कॉफी ओतणारा, फोनवर बोललेली ऑपरेटर. ताज समूहावरच्या एका अभ्यासात हा आकडा २४ तासांत सरासरी ४० ते ४५ असा दिला आहे. यातल्या बहुतेक वेळी समोर असतो तो सर्वात खालच्या पायरीवरचा कर्मचारी, आणि त्याचा साहेब तिथे नसतो.

हे लक्षात घेतलं की या व्यवसायाची मुख्य अडचण समजते. कारखान्यात माल बाहेर पडण्याआधी तपासता येतो. हॉटेलात सेवा तयार होते त्याच क्षणी ती पाहुण्याला मिळालेली असते. मधे तपासनीस उभा करता येत नाही. एका खोलीसाठी दिवसाला वीस-तीस हजार रुपये घेणाऱ्या हॉटेलची अब्रू अशा माणसाच्या हातात असते, ज्याचा महिन्याचा पगार कदाचित त्या एका रात्रीच्या भाड्याहून कमी असेल. ही विषमता मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

मग मालकापुढे दोन मार्ग राहतात. एक, प्रत्येक गोष्टीचा नियम करायचा: फोन तीन घंट्यांच्या आत उचला, पाहुण्याचं नाव घ्या, असं हसा, तसं वाका. याने सेवा नीटनेटकी होते, चुका कमी होतात. पण नियमात न बसणारी गोष्ट समोर आली की माणूस 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणतो आणि पाहुणा ताटकळतो. दुसरा मार्ग अवघड आहे. माणसं अशी निवडायची आणि अशी घडवायची की नियम नसेल तिथेही ती योग्य तेच करतील, आणि तसं केलं म्हणून त्यांना बोलणी बसणार नाहीत.

चांगलं हॉटेल पहिल्या मार्गाने चांगलं होतं. लक्षात राहणारं हॉटेल दुसऱ्याने होतं.

ताज: १९०३ पासूनची गोष्ट

मुंबईचं ताज महाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. जमशेटजी टाटांनी ते बांधलं. सुरुवातीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. एका मराठी वास्तुविशारदाचं हे योगदान आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. विजेचे दिवे, अमेरिकेचे पंखे, जर्मनीच्या लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहं आणि इंग्रज बटलर असा तेव्हाचा थाट होता. म्हणजे यंत्रं बाहेरून आली होती आणि सेवेची पद्धतही बाहेरून आली होती. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं रुग्णालय चाललं.

पण ताजच्या सेवेचा जगभर अभ्यास सुरू झाला तो २००८ नंतर.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी हॉटेलात शिरले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात हिंदुस्तान युनिलिव्हरची मेजवानी चालू होती. मूळ कंपनीचे मावळते आणि होणारे प्रमुख दोघेही तिथे होते. व्यवस्था पाहत होती मल्लिका जगड ही २४ वर्षांची बँक्वेट मॅनेजर आणि तिच्यासोबत होते सुमारे ३५ कर्मचारी. बाहेरचे आवाज लग्नातल्या फटाक्यांचे नाहीत हे ओळखून तिने दारं लावून घेतली आणि दिवे मालवले. सगळ्यांना टेबलांखाली आडवं व्हायला सांगितलं. मोबाइल वापरू नका म्हणाली. नवरा-बायकोंना वेगवेगळ्या जागी बसवलं, म्हणजे काही विपरीत घडलंच तर एका घरातली दोन्ही माणसं एकदम जाऊ नयेत. रात्रभर कर्मचारी पाणी देत राहिले, काही हवंय का विचारत राहिले. पहाटे अग्निशमन दलाच्या शिडीवरून खिडकीतून सुटका झाली. आधी पाहुणे उतरले, मग कर्मचारी. मल्लिका सर्वांत शेवटी.

वसाबी या रेस्टॉरंटमधले ज्येष्ठ वेटर थॉमस वर्गीस यांना ताजमध्ये ३० वर्षं झाली होती. पन्नासेक पाहुण्यांना त्यांनी टेबलांखाली बसवलं आणि सहकाऱ्यांचं कडं त्यांच्याभोवती उभं केलं. चार तासांनी गोल जिन्याने पाहुण्यांना बाहेर काढायला सुरुवात झाली. आपण शेवटी निघणार असा वर्गीस यांचा हट्ट होता. जिना उतरून ते तळाशी पोचले तेव्हा त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. टेलिफोन ऑपरेटर एकदा बाहेर काढलेल्या असूनही पुन्हा आपल्या जागी गेल्या आणि खोल्याखोल्यांत फोन करून 'बाहेर येऊ नका' सांगत राहिल्या. स्वयंपाकघरातल्या लोकांनी पळणाऱ्या पाहुण्यांना आपल्या अंगाची आड केली. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावर आगीत गेली, तरी ते सुटकेच्या कामातून बाजूला झाले नाहीत. हॉटेलात ३१ जणांचा जीव गेला. त्यांतले साधारण एक तृतीयांश कर्मचारी होते. सुमारे १,२०० ते १,५०० पाहुणे वाचले.

हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि त्यांच्या सहकारी अंजली रैना यांनी यावर अभ्यास केला. त्यांचा लेख २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. त्यांना छळणारा प्रश्न साधा होता: असं वागा म्हणून कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नव्हतं, वरून कुणाचा हुकूम आला नव्हता आणि मागच्या दारांची माहिती कर्मचाऱ्यांनाच सर्वांत चांगली होती. तरी ते पळाले का नाहीत?

लहान गावांतली माणसं का?

त्यांना सापडलेलं उत्तर भरतीपासून सुरू होतं. ताज समूह पुढच्या फळीतली माणसं निवडताना मुंबईपेक्षा पुणे, दिल्लीपेक्षा चंदीगड, आणि त्याहूनही लहान गावं पसंत करायचा. शिकवून येणारी कौशल्यं नंतर शिकवता येतात, असा हिशेब. निवडताना तीन गोष्टी बघितल्या जात. मोठ्या माणसांबद्दल आदर आहे का, म्हणजे मुलगा आपल्या शिक्षकांशी कसा वागतो? अडचणीतही मुलगी आनंदी राहते का? आणि घरात या पगाराची गरज किती आहे?

निवड झाली की १८ महिन्यांचं प्रशिक्षण. या व्यवसायात ते साधारण १२ महिन्यांचं असतं. राहणं-जेवण मोफत आणि वर विद्यावेतन. शिकवणारे बाहेरून आणलेले सल्लागार नसत, हॉटेलचेच मॅनेजर असत. शिकवणीतला सर्वांत वेगळा भाग असा: तुम्ही पाहुण्यापुढे कंपनीचे प्रतिनिधी नाही, कंपनीपुढे पाहुण्याचे प्रतिनिधी आहात. कंपनीचं आणि पाहुण्याचं हित यांत ताण आला तर पाहुण्याच्या बाजूने उभे राहा, वरचे लोक तुमच्या पाठीशी असतील.

तिसरी गोष्ट कौतुकाची. २००१ पासून तिथे 'स्टार्स' नावाची पद्धत होती. कुणी काही चांगलं केलं, पाहुण्याने लिहून दिलं किंवा सहकाऱ्याने सांगितलं, की त्याची दखल ४८ तासांच्या आत घ्यायची. वर्षाअखेरच्या पगारवाढीपर्यंत थांबायचं नाही. मॅनेजरकडून, सहकाऱ्यांसमोर, वेळेवर मिळालेल्या शाबासकीचा परिणाम पैशांहून टिकाऊ असतो, असं त्यांचं म्हणणं.

या तीन कड्या जोडल्या की २६ नोव्हेंबरची रात्र थोडी समजते. रोज बारीकसारीक बाबतींत न विचारता निर्णय घ्यायची सवय असलेल्या माणसांनी त्या रात्रीही निर्णय घेतले. 'ही माझी जबाबदारी' हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं नव्हतं.

तरी इथे जरा सांभाळून बोलायला हवं. त्या रात्रीचं धैर्य हा सेवेचा मापदंड होऊ शकत नाही, आणि होऊही नये. पगारी नोकराने पाहुण्यासाठी जीव द्यावा अशी अपेक्षा कुठल्याही हॉटेलने, कुठल्याही पाहुण्याने धरणं चूक आहे. त्या लोकांचा मान ठेवायचा तर त्यांनी जे केलं ते नोकरीच्या पलीकडचं होतं, हे आधी मान्य करायला हवं.

आणि 'गरज किती आहे' हा तिसरा निकष? मराठवाड्यातल्या वाचकाला तो टोचेल. टोचायलाच हवा. सोयाबीन-कापसावर चालणाऱ्या घरातल्या, एका पावसाने हिशेब बिघडलेल्या मुलाला नोकरी टिकवणं भाग असतं. कंपनी त्याला चांगलं वागवणार असेल तर त्याची निष्ठा दोघांच्याही भल्याची. वाईट वागवणार असेल तर तीच गरज त्याला गप्प बसवते. त्यामुळे निकष चांगला की वाईट, हे पुढे कंपनी त्याच्याशी कशी वागते यावरून ठरतं.

'साहेबांना विचारतो' न म्हणण्याचा अधिकार

या बाबतीत अमेरिकेतल्या रिट्झ-कार्लटन साखळीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला, अगदी खोल्या साफ करणाऱ्यालाही, पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याचा अधिकार दिला गेला. एवढा खर्च प्रत्यक्षात क्वचितच करावा लागतो. बहुतेक तक्रारी एका कप कॉफीने, बदललेल्या खोलीने किंवा इस्त्री करून दिलेल्या शर्टाने मिटतात. आकडा मोठा ठेवण्यामागचा हेतू वेगळा आहे: आमचा तुझ्यावर विश्वास आहे, हे सफाई करणाऱ्या माणसाला आकड्यात सांगणं. कर्मचारी आणि पाहुणे दोघेही सारख्याच मानाचे सभ्य लोक, अशा अर्थाचं त्यांचं ब्रीद आहे. या साखळीला दर्जासाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय बॉल्ड्रिज पुरस्कार १९९२ आणि १९९९ असा दोनदा मिळाला.

हा अधिकार सर्वांत उपयोगी पडतो तो चूक झाल्यावर. आरक्षण हरवलं, गरम पाणी आलं नाही, लग्नाच्या सकाळी धुवायला दिलेली साडी परत आली नाही. अशा वेळी चार गोष्टी होतात की नाही ते बघावं: कर्मचारी तक्रार मधेच न तोडता ऐकून घेतो, 'ते आमच्या खात्याचं नाही' म्हणत नाही, किती वेळात काय करणार ते सांगतो, आणि काम झाल्यावर स्वतःहून विचारायला येतो. यातली चौथी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.

चूक नीट सुधारली तर पाहुणा चूक न झालेल्या पाहुण्याहूनही जास्त खूश होतो, असं एक मत १९९० च्या दशकात पुढे आलं. संशोधकांनी त्याला 'सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स' असं नाव दिलं आणि प्रशिक्षण वर्गांत ते अजून सांगितलं जातं. पण ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच अभ्यासांचं २००७ मध्ये एकत्र विश्लेषण झालं तेव्हा समाधान वाढल्याचं दिसलं, पण गिऱ्हाईक त्यामुळे पुन्हा येतंच असं काही दिसलं नाही. साडी पहिल्या वेळीच परत आलेली बरी.

हसण्याचीही मजुरी असते

दिवसभर उभं राहणं, जड ट्रे उचलणं, एकेका पाळीत डझनभर खोल्यांच्या गाद्या उचलून चादरी घालणं हे कष्ट दिसतात. आणखी एक कष्ट दिसत नाहीत. घरी आई आजारी असताना समोरच्याशी प्रसन्न बोलावं लागतं. कुणी अपमान केला तरी आवाज चढवता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून याला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. भावना आवरणं किंवा नसलेली भावना दाखवणं हा कामाचाच भाग असेल तर तेही श्रम आहेत, आणि माणूस त्यानेही थकतो.

पाहुण्याला खोटं हसू ओळखू येतं. ते खरं करायचं असेल तर वाटेत कुठेतरी कर्मचाऱ्याचं आयुष्य ठीक असावं लागतं. त्याची साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द होऊ नये. दुपारी चार तास मोकळे सोडून रात्री पुन्हा बोलावणारी 'ब्रेक शिफ्ट' कायमची त्याच्याच वाट्याला येऊ नये. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरातली भाजी पाहुण्यांच्या ताटातली उरलेली नसावी. आणि शिवीगाळ करणाऱ्या पाहुण्याला मॅनेजरने स्वतः पुढे येऊन थांबवावं. हॉटेल आतून कसं आहे हे पाहायचं तर लॉबीऐवजी मागच्या दाराने आत जाऊन कर्मचाऱ्यांची कॅन्टीन आणि कपडे बदलायची खोली बघावी, असं या क्षेत्रातले जुने लोक म्हणतात. पाहुण्याला ती संधी मिळत नाही, पण नोकरीला जाणाऱ्या मुलाला मिळते.

'सेवा' हा शब्द आपल्याकडे भक्तीतून आलेला आहे. गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत, आणि वारकऱ्यांनी त्या कामाला भक्तीचा मान दिला. हॉटेलवाले हा शब्द फार सहज वापरतात. पण भक्तीतली सेवा माणूस आपणहून करतो. नोकरीतल्या सेवेला पगार, पाळी आणि रजा लागते. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की फायदा बहुधा मालकाचा होतो.

परभणीहून या क्षेत्रात जायचं असेल तर

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. मुंबईत दादरची संस्था १९५४ सालची, देशातली या प्रकारची पहिली. पुण्यात राज्य शासनाची संस्था आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसमध्ये ताज समूहाच्या सहकार्याने सुरू झालेली हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. पदवी परवडत नसेल तर हाउसकीपिंग, फूड प्रॉडक्शन, फ्रंट ऑफिस यांचे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही असतात.

इंग्रजीची भीती बहुतेकांना असते. ती भाषा दीड-दोन वर्षांत कामापुरती येते. घरात आजोबांना न सांगता चष्मा आणून देणाऱ्या मुलीला या कामातला अवघड भाग आधीच येत असतो.

मुलाखतीत पगार विचारताना आणखी काही प्रश्न विचारायला संकोचू नये. नोकरी थेट हॉटेलची आहे की ठेकेदारामार्फत? ठेकेदाराचा माणूस गणवेश तोच घालतो, पण बढती आणि प्रशिक्षण त्याच्यापर्यंत क्वचित पोचतं. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन किती आणि नंतर कायम करण्याची अट काय? राहण्याची सोय आहे का? मुंबईत हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे. रात्रपाळीनंतर मुलींना घरी सोडण्याची व्यवस्था काय? सर्व्हिस चार्ज किंवा टिप जमा होत असेल तर ती कशी वाटली जाते? आणि शेवटचा प्रश्न, तोही जमलं तर मॅनेजरऐवजी तिथल्या जुन्या कर्मचाऱ्याला: पाहुण्यासाठी स्वतःच्या मनाने काही केलं आणि ते चुकलं, तर इथे काय होतं?